मुकादमाचं इन्सुलिन

आमच्या वन्संचं आयुष्य उभ्यानं गेलं. इस्पितळाच्या धुलाईघरात त्या कामाला होत्या. वाफेच्या मोठ्या इस्त्रीतून चादर बाहेर आली की दोघींनी चार टोकं धरून ती झटकायची, दुमडायची, डाग राहिलेली असेल तर बाजूला टाकायची, बाकीच्यांचे गठ्ठे बांधून वॉर्डांत धाडायचे. त्या वाफेत इतकी वर्षं गेली की त्यांचे हात आजही नुकतीच भांडी घासून उठल्यासारखे दिसतात. आमच्याकडे आल्या तरी बोलता बोलता दोरीवरची चादर ओढून घेतात आणि अशी घडी घालतात की ती उलगडून अंथरायला माझ्या जिवावर येतं. निवृत्त झाल्या त्या दिवशी मला म्हणाल्या, "धाकटे, आता मी अशी बसणार आहे ना, की मला उठवायला चौघं लागतील."

पण बसणं त्यांच्या नशिबात नव्हतं. त्याच सुमारास मुकादमाला मधुमेह निघाला.

मुकादम म्हणजे त्यांचा बोका. पिवळट, रुंद तोंडाचा, एक कान फाटलेला. घरात कुणी काही काम काढलं की हा समोर येऊन बसणार, शेपूट पायांभोवती गुंडाळणार आणि काम संपेपर्यंत हलणार नाही. केर काढा, भाजी चिरा, गळका नळ बघा, याची नजर आहेच. आमचे हे एकदा म्हणाले, "हा नुसता हजेरी मांडायचा बाकी आहे." तेव्हापासून तो मुकादम.

रोज सकाळी देवापुढे दिवा लावला, जप झाला, की मी वही उघडते आणि आदल्या दिवसाचं चार ओळी लिहिते. देवाचं नाव आधी, मग घरातलं. पण वन्संचं चार ओळींत मावण्यासारखं नाही, म्हणून आज नीट बसून लिहिते आहे.

वन्सं राहतात आमच्या मागच्या गल्लीत, भावोजींबरोबर. भावोजी म्हणजे माझे थोरले दीर. वन्सं सगळ्यांत मोठ्या, मग भावोजी, मग आमचे हे शेंडेफळ. वन्संनी लग्न केलं नाही, भावोजींनी केलं पण टिकलं नाही, म्हणून दोघं आईवडिलांच्या त्या तीन खोल्यांत राहिली. भावोजी बस डेपोत टाइमकीपर होते. कुठली गाडी कधी सुटली, कुठली उशिरा आली, हे मांडण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली. माणूस सरळ, पण घड्याळाच्या बाहेर पाऊल टाकणार नाही. मी जेवायला बोलावलं आणि ताट वाढायला जरा उशीर झाला, तर ते काही बोलत नाहीत, मनगटाकडे बघतात. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट.

या दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं वन्संनी केलं, नोकरी सांभाळून केलं. सासूबाई गेल्या, आणि एक दिवस वन्सं कामावरून घरी आल्या तर आईची खाट जागेवर नाही. भावोजींनी कुणालातरी देऊन टाकली होती. गादीसकट. वन्संना विचारलं नव्हतं. त्या दिवशी वन्संनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि भावोजींनीही उलटून विचारलं नाही. दोघांचा स्वभाव एकाच साच्यातला.

मग घर विभागलं गेलं. भिंत नाही घातली कुणी, पण चहाचे डबे दोन झाले, साबण दोन, वर्तमानपत्रं दोन. स्वयंपाकघरात खिडकीकडची फळी वन्संची, दाराकडची भावोजींची. एकाच्या फळीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडलंही नाही. सामाईक काय होतं म्हणाल तर फ्रिज, मोरी आणि मुकादम.

मुकादम पिल्लू असताना जिन्यात सापडला होता. त्याच्यामुळे त्या घरात पुन्हा आवाज आला. वन्सं त्याला म्हणायच्या, "मुकादम, काकांना सांग, गॅस संपत आलाय." पलीकडच्या खोलीतून भावोजी म्हणायचे, "मुकादम, आत्याला म्हणावं, उद्या नोंदवतो." कधी कधी भांडणही त्याच्यामार्फत चालायचं. "मुकादम, काही लोकांना मोरीतला दिवा मालवायचा असतो हे माहीत नसतं." "मुकादम, काही लोकांना दिवा कुणी लावला होता तेच आठवत नसतं." बोका आपला मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदर तोंडाला लावून बाहेर आले, हसू आवरेना. पुढे मलाही सवय झाली. एकदा मी स्वतःच म्हणाले, "मुकादम, भावोजींना विचार, जेवायला येणार का." भावोजी म्हणाले, "धाकटे, तू माझ्याशी बोलू शकतेस."

मधुमेह निघाल्यावर सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतरानं सुई टोचणं आलं. बारा तासांचं म्हटल्यावर सकाळची पाळी भावोजींनी आपण होऊन घेतली. सातला आधी खाणं, मग मानेजवळची कातडी चिमटीत धरून सुई. संध्याकाळची वन्संकडे. सिरिंजांचे डबेही अर्थातच दोन. भावोजी आपल्या आणायचे, आपल्या फळीवर ठेवायचे. वन्सं आपल्या. औषधाची बाटली मात्र एकच, फ्रिजच्या दारात, कारण ती दुसरीकडे ठेवता येत नाही.

या सुयांनी वन्संना बांधून टाकलं. लग्नाला जायचं तर संध्याकाळच्या आत परत. माझ्याबरोबर दोन दिवस देवदर्शनाला चला म्हटलं, तर "मुकादमाचं काय?" भावोजींना दोन्ही वेळचं करायला सांगा, म्हटलं. त्या म्हणाल्या, "कुणी सांगायचं?" त्याच्या शी-शूची वाळूची पेटी धुवायची, पाणी किती प्यायला ते बघायचं, खाणं मोजून घालायचं. इतकं करून बोका वाळतच चालला होता. पाठीवर हात फिरवला की मणके लागायचे. मागचे पाय टाच टेकून टाकायला लागला होता, सपाता ओढत चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा. वन्संच्याही टाचा सुजलेल्या. दोघांना एकामागून एक स्वयंपाकघरातून येताना बघितलं की मला गलबलून यायचं.

एकदा मी म्हणाले, "वन्सं, देवानं त्याला सोडवलं तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचेही हाल थांबतील."

त्या गठ्ठा बांधल्यासारख्या हात बांधून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हाल थांबतील गं. पण हा गेला तर या घरात माझ्याशी बोलणार कोण?"

घरी येऊन देवापुढे बसले तेव्हा मुकादमाचं नावही घेतलं. देवाला बोक्यासाठी त्रास द्यावा का, याचा विचार मी नंतर केला.

मग मुकादमाचं नेहमीचं इन्सुलिन दुकानात मिळेनासं झालं. वन्संनी चार दुकानं पालथी घातली. शेवटी आम्ही दोघी मुकादमाला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई तरुण, केस वर बांधलेले, बोलायला तडफदार. त्यांनी कानाच्या कडेला टोचून साखर बघितली आणि ओठ आवळले.

"जुन्यानं तसंही भागत नव्हतं," त्या म्हणाल्या. "दोन वेळच्या मधे साखर वरखाली उड्या मारतेय. आपण औषधच बदलू. नवं इन्सुलिन सावकाश उतरतं, जास्त वेळ टिकतं. मांजरांना चांगलं लागू पडतं."

"मग हा बरा होईल?" वन्संनी विचारलं.

"बरा म्हणजे, सुधारेल. वजन धरेल. पण माझं नीट ऐका." त्यांनी दोन सिरिंजा टेबलावर शेजारी ठेवल्या. एकीचं टोपण लाल, दुसरीचं नारिंगी. "तुमचं जुनं औषध पातळ होतं. नवं घट्ट आहे. तेवढ्याच थेंबात अडीचपट औषध. म्हणून सुईवरच्या रेषाही वेगळ्या. लाल टोपणाच्या सुईवरचं दीड आणि नारिंगी टोपणाच्या सुईवरचं दीड एक नाही. आतापर्यंत तुम्ही तीन देत होता. आता दीड द्यायचं, आणि फक्त नारिंगीनं. लाल सुया घरात ठेवूच नका. कळलं?"

"कळलं. नवं औषध, दीड, नारिंगी," वन्सं म्हणाल्या. "लाल टाकून द्यायच्या."

"घरी अजून कोण सुई देतं?"

"याचे काका."

"त्यांनाही हेच सांगा. शब्दन् शब्द."

"सांगते," वन्सं म्हणाल्या. आणि त्यांनी सांगितलं. मी तिथेच होते.

घरी आल्यावर त्यांनी आधी आपल्या फळीवरचा डबा उतरवला, लाल टोपणाच्या सगळ्या सिरिंजा कागदात गुंडाळून बाहेर काढल्या, डबा धुऊन पुसून त्यात नारिंगी भरल्या. जुनी बाटली फेकली, नवी फ्रिजच्या दारात ठेवली. भावोजींच्या फळीकडे एकदा बघितलं. तो डबा तिथेच, वर फडकं पसरलेलं. त्यांचा हात काही तिकडे गेला नाही. मी म्हणाले, "वन्सं, भावोजींच्या डब्यातल्या पण…"

"त्याचं तो काढेल," त्या म्हणाल्या. मग मुकादमाला टोपलीतून काढून दारात बसवलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मुकादम, काकांना सांग, औषध बदललंय. आता दीडच द्यायचं. सुया पण नारिंगी टोपणाच्या, लाल चालणार नाहीत."

पलीकडच्या खोलीत भावोजींचा रेडिओ चालू होता. बातम्या. भावोजी म्हणाले, "बरं." इतकंच.

"मी जाऊन पुन्हा सांगू का?" मी विचारलं.

"तू मधे पडू नकोस गं. मुकादमामार्फत सांगितलेलं आजवर पोचलंय," वन्सं म्हणाल्या. खरंच होतं ते. आजवर सगळं पोचलं होतं. गॅस, दिवा, पावसात भिजलेले कपडे, आमच्या ह्यांचं ऑपरेशन.

त्या दिवशीची संध्याकाळची सुई वन्संनी दिली. नारिंगी, दीडची बारीक रेष, चष्मा कपाळावर सारून अगदी डोळ्यांजवळ धरून बघितली. मुकादम जेवला आणि कपाटाखाली झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे रिकामी बरणी परत द्यायला गेले. भावोजी आपल्या खोलीत आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. वन्सं स्वयंपाकघरात खाली बसल्या होत्या, भिंतीला टेकून. त्यांच्यासमोर मुकादम उभा होता, पण उभं राहणं त्याला जमत नव्हतं. चार पाय चार दिशांना पडत होते. तो खायच्या भांड्याकडे निघाला आणि टेबलाच्या पायाला धडकला. मग तिथेच आडवा पडला आणि त्याचा फाटका कान फडफडायला लागला, माशी बसल्यासारखा. माशी नव्हती.

"सकाळपासून भूक भूक करतोय," वन्सं म्हणाल्या. "भांडं दोनदा भरलं. नवं औषध आहे ना, अंगी लागेपर्यंत असंच व्हायचं असेल."

मला ते बरं दिसेना. मी त्यांच्या भिंतीवरच्या फोनवरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी ऐकून घेतलं आणि एकदम विचारलं, "सकाळी किती दिलं?"

मी वन्संना विचारलं, "सकाळी किती दिलं?"

"सकाळचं मी नाही देत."

"त्यांना विचारा! आणि कुठल्या सुईनं तेही," फोनमधला आवाज इतका मोठा होता की वन्संनाही ऐकू गेला.

वन्सं उठल्या. सवयीनं खाली वाकल्या. "मुकादम, काकांना विचार…" एवढं तोंडातून गेलं आणि त्या थांबल्या. बोक्याचं डोकं फरशीला टेकलं होतं, डोळे उघडे, पण कुणाकडे बघत नव्हते. वन्संनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. मला वाटलं, त्या मला सांगतील. मी पाऊल पुढे टाकलंही होतं. पण त्याच गेल्या. भावोजींच्या दारात उभ्या राहिल्या, चौकटीला धरून.

"तू सकाळी किती दिलंस?"

भावोजींच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. ते आधी माझ्याकडे बघायला लागले, मग वन्संकडे.

"तुला विचारतेय. किती दिलंस?"

"दीड," ते म्हणाले. "तू सांगितलंस तसं. ताई, दीडच. सातला."

"कुठल्या सुईनं?"

"माझ्या."

"लाल?"

"माझ्या डब्यातल्या. दुसऱ्या कुठून असणार?"

मी फोनमध्ये सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे अडीचपट गेलं. साखर खाली कोसळलीय. मध किंवा साखरेचं पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. आणि ताबडतोब आणा."

मध भावोजींच्या फळीवर होता. वन्संनी भावोजींच्या फळीवर हात घातला, डबे बाजूला सारले, मधाची बाटली काढली. मुकादमाचा जबडा मी धरला, वन्संनी बोट बुडवून हिरड्यांवर चोळलं. भावोजी मागे उभे होते. "चावेल गं," म्हणाले. "चावू दे," वन्सं म्हणाल्या. "चावला तर बरंच." तो चावला नाही.

टॅक्सीत वन्संच्या मांडीवर टोपली, एका बाजूला मी, पुढे भावोजी. ते घरच्या सपाता घालून आले होते. वाटेत सिग्नल लागला की भावोजी चालकाकडे झुकून काहीतरी सांगायचे. इकडून वळा, तिकडची गल्ली रिकामी असते. चालक शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही चालवता का?" भावोजी मागे टेकले. वन्संचं बोट टोपलीतच होतं, मधानं चिकट झालेलं. मी मनातल्या मनात जप करत होते. पण तेच तेच नाव दोनदा म्हणायचे आणि पुढे काय ते विसरायचे.

दवाखान्यात बाईंनी कान टोचला, यंत्रावर आकडा बघितला आणि लगेच बोक्याला आत नेलं. पायाला सलाइन लावलं. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. समोर एक गृहस्थ पट्टा बांधलेला कुत्रा घेऊन बसले होते. पलीकडे एक बाई पिंजऱ्यातल्या पोपटाशी कुजबुजत होत्या. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या.

"झटके थांबलेत. पण हे औषध लांब टिकतं, त्यामुळे साखर पुन्हा पडू शकते. आज इथेच राहू दे." मग त्या वन्संकडे वळल्या. "मी इतकं बजावलं होतं. तुम्ही काकांना सांगितलं नाहीत का?"

"सांगितलं ना."

"मग?"

"रेडिओ चालू होता," भावोजी म्हणाले. "औषध बदललंय आणि दीड, एवढंच ऐकू आलं."

"मग परत विचारायचं नाही? आणि तुम्ही तरी," बाई वन्संना म्हणाल्या, "त्यांच्यासमोर जाऊन सांगायचं. नेमकं कुणाला सांगितलंत?"

वन्संनी खाली बघितलं. "मुकादमाला."

"मुकादम कोण?"

"आत आहे तो."

कुत्रेवाले गृहस्थ खोकल्यासारखं करून हसले. डॉक्टरीणबाईंना हसावं की ओरडावं ते कळेना. "मांजराला सांगितलंत?" त्या म्हणाल्या. मग भावोजींना, "आणि तुम्हाला यात काही चुकीचं वाटलं नाही?"

"आमच्याकडे तसंच असतं," भावोजी म्हणाले.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. म्हणाल्या, "मी हे असं चालू देणार नाही. तो घरी आला की एकानं औषध भरायचं. दुसऱ्यानं रेष बघून आकडा मोठ्यानं म्हणायचा. भरणाऱ्यानं तो पुन्हा म्हणायचा. मगच टोचायचं. दोन्ही वेळा, दोघांनीही हजर राहून. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मग मी त्याला दुसरं कुणी घर बघते."

"जमेल," वन्सं म्हणाल्या. भावोजींनी मान हलवली.

मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेले. संध्याकाळ झाली होती. वन्सं स्वयंपाकघरात आल्या, भांडं उचललं, त्यातलं खाणं काढून टाकलं, भांडं धुतलं. मग सवयीनं दाराकडे वळून म्हणाल्या, "मुकादम…" आणि भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि पालथं घातलं.

भावोजी आत आले. त्यांनी आपला चहाचा डबा काढला, पातेलं ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, तू साखर किती घेतेस आता?"

"नाही घेत. बंद केली."

"कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं."

ते पाण्याकडे बघत राहिले. वन्सं खुर्चीवर बसल्या, पाय लांब केले. मग त्या म्हणाल्या, "खाट कुणाला दिली होतीस?"

भावोजींना कुठली खाट ते विचारावं लागलं नाही. "डेपोत झाडायला यायचा त्याला. त्याची बायको बाळंतीण होती, जमिनीवर झोपायची."

"मला विचारलं असतंस तर मीही दिली असती."

"माहितीय. विचारायला तू कामावरून यायची वाट बघवली नाही. मला ती रिकामी बघवत नव्हती गं."

"मला बघायची होती," वन्सं म्हणाल्या. "थोडे दिवस."

भावोजींनी गॅस बारीक केला. कुणी रडलं नाही, कुणी कुणाची माफी मागितली नाही. चहा झाला. तिघांनी प्यायला. फार कडक झाला होता. मी घरी आले, देवापुढे दिवा लावला आणि पुन्हा मुकादमाचं नाव घेतलं.

मुकादम दुसऱ्या दिवशी घरी आला, पायाचे केस काढलेले, चिडलेला, पण चार पायांवर. भावोजींनी आपल्या डब्यातल्या लाल सिरिंजा स्वतः काढून दवाखान्यात नेऊन दिल्या. आता डबा एकच आहे, फ्रिजच्या वर, कुणाच्याच फळीवर नाही.

सगळं सुरळीत झालं, असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल. परवा मी गेले तेव्हा वन्सं बोक्यालाच म्हणत होत्या, "काकांना सांग, नळ पुन्हा गळतोय," आणि भावोजी त्याच्याच मार्फत "बघतो" म्हणाले. वर्षानुवर्षांची सवय एका दुपारीत जात नाही, आणि दोघं आता थकलीत. नवीन काही सुरू करायला अंगात जोर लागतो, बोलणंसुद्धा.

फक्त सुईच्या वेळी दोघं ओट्याशी उभी असतात. त्या दिवसानंतर सकाळचं औषध भरणं भावोजींना जड जायला लागलं. सिरिंजमध्ये बुडबुडे यायचे, पुन्हा काढून पुन्हा भरावं लागायचं. पहिले काही दिवस त्यांनी तसंच रेटलं. एकदा सुई जागेवर टेकवली आणि तशीच मागे घेतली. मी तिथेच भाजी निवडत होते.

"ताई, मला नाही होत," ते म्हणाले. "पुन्हा चुकेन असं वाटतं. तू दे. मी धरतो."

वन्संनी सुस्कारा टाकला. म्हणजे सकाळचंही त्यांच्याच अंगावर आलं. साडेसहाला उठणं, सुजलेल्या टाचांवर उभं राहणं. मला वाटलं त्या काहीतरी लावून बोलतील. पण वन्संनी सिरिंज भावोजींच्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली आणि चष्मा कपाळावर सारला.

आता सकाळ-संध्याकाळ असंच चालतं. भावोजी मुकादमाला ओट्यावर धरतात, एक हात छातीखाली, एक मानेवर. वन्सं औषध भरतात आणि सिरिंज त्यांच्यासमोर धरतात.

"दीड?" वन्सं विचारतात.

भावोजी वाकून बघतात. घाई करत नाहीत. "दीड," म्हणतात.

"दीड," वन्सं पुन्हा म्हणतात, आणि मगच टोचतात.